जावयाच्या गाडीला मिस्त्री

रस्त्यात जुनी पांढरी गाडी उभी दिसली की मी आधी तिच्या पोटाखाली वाकून बघते. साठीकडं झुकलेली बाई साडी सावरत दुसऱ्याच्या गाडीखाली काय शोधते, असं लोकांना वाटत असणार. वाटू दे. लोक काय म्हणतील याचा धाक घेऊन मी एकदा जगून बघितलंय, आणि त्यात माझं काय गेलं तेच आता सांगणार आहे.

मुरगूडला आमचं घर. ह्यांचं बाजारपेठेत खताचं आणि औषधाचं दुकान. सकाळी उघडलं की दिवेलागणीपर्यंत माणसाला जाग्यावरनं हलता येत नाही असलं. मी कोल्हापुरात शाहूपुरीत एका खासगी ऑफिसात टायपिंग करायची. रोज एस.टी.नं जायचं, रोज एस.टी.नं यायचं. घरात सासरे होते, त्यांना सगळे आबा म्हणत, मीसुद्धा. सासूबाई आधीच गेलेल्या. आणि आमची एकुलती एक पोरगी.

ती चालायला लागली तेव्हा चारचौघींसारखीच चालायची. शाळेत घातली आणि पडायला लागली. पायरी चढताना मांडीवर हात टेकायची. आधी आम्ही म्हणालो, धांदरट आहे. मग म्हणालो, अशक्तपणा आहे, अंडी चारा. मग कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा स्नायूंचा आजार आहे, हळूहळू वाढत जाणार, याच्यावर औषध नाही. त्यातला 'हळूहळू' एवढाच शब्द मी पदरात बांधून घरी आणला.

दहा वर्षांची होईपर्यंत पोरीचे पाय गेले. जीभ मात्र अशी चालायची की बस्स. आबा म्हणायचे, "हिच्या पायातलं सगळं बळ तोंडात आलंय बघा." त्यांच्या चष्म्याला, ह्यांच्या घोरण्याला, माझ्या भाजीला, सगळ्याला तिनं नावं ठेवलेली. माझ्यावर गेली होती, दुसरं काय.

गावातल्या शाळेत पाचवीपुढचे वर्ग माडीवर. मुख्याध्यापक मला म्हणाले, "कशाला पोरीचं हाल करतासा? लिहायवाचायला येतंय की. बसवा घरात." माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी म्हणाले, "तुमच्या पोराला लिहायवाचायला येतंय म्हणून बसवलासा काय घरात?" तिथनं तिचं नाव काढलं ते तडक कोल्हापुरात एका शाळेत घातलं. वर्ग तळमजल्यावर, दारापर्यंत गाडी येते, आणि तिथल्या बाई म्हणाल्या, तुम्ही नुसतं आणून सोडा, बाकी आम्ही बघतो. अशी माणसं भेटतात कधी कधी. शाळा माझ्या ऑफिसच्या वाटेवरच होती.

तर मग आमची वरात सुरू झाली. पोरगी पाठीवर, दप्तर पोटावर, डबा हातात. मुरगूडच्या स्टँडवर गर्दीत शिरायचं, ती माझ्या खांद्यावरनं ओरडायची, "ओ पावणं, सरका की, पेशंट हाय!" लोक सरकायचे. कंडक्टर कुणाला तरी उठवून तिला खिडकी द्यायचे. मला बरं वाटायचं आणि रागही यायचा. रोज कुणाच्या तरी उपकारावर शाळा शिकायची, हे काय जगणं झालं? पण तिला त्याचं काही नव्हतं. तिला शाळा म्हणजे जीव की प्राण. हजेरी घेताना ती "हजर!" असं काही ओरडायची की बाई म्हणाल्या, शेजारच्या वर्गातली पोरं दचकतात. पाय हलत नव्हते, आता हातही जड होत चालले होते, पण त्या एका शब्दाला सगळ्या वर्गात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एक दिवस चुकवायची नाही. ताप असला तरी लपवायची.

सहावीच्या पावसाळ्यात मी पडले. पायरी ओली, मागनं माणसांचा रेटा, आणि पाठीवर वाढती पोर. आजारानं तिचं बळ नेलं, वजन थोडंच नेलं होतं? मी मागं कलंडले ती तिच्यावरच. तिचा हात मनगटात मोडला. चिखलात पडल्या पडल्या ती लोकांकडं बघून हसत होती, आई पडली म्हणून. घरी आल्यावर उशीत तोंड घालून रडली. प्लास्टर घालताना डॉक्टर मला म्हणाले, "बाई, पुन्हा अशी पडली तर मला काही करता येणार नाही. एस.टी. बंद करा."

म्हणजे गाडी घ्यायची, नाहीतर शाळा बंद. सरळ हिशेब होता. नवी गाडी आमच्या आवाक्यातली नव्हती, तेव्हा जुनी. जुन्यातलीही जुनी, स्वस्तातली स्वस्त. पण ती रोज मुरगूड ते कोल्हापूर जाईल आणि संध्याकाळी परत येईल, एवढी तरी असायला हवी.

मी गाडी शिकले. शिकवणारा गडी माझ्याहून जास्त घाबरलेला, सारखा देवाचं नाव घ्यायचा. मुरगूडच्या पेठेतनं बाई गाडी चालवत गेली की पानपट्टीवरची माणसं पान चघळायची थांबायची. जेवणाच्या सुट्टीत मी शाहूपुरीत जुन्या गाड्या विकणाऱ्या एका एजंटाकडं जायची. मोकळ्या प्लॉटवर उन्हात ओळीनं उभ्या केलेल्या गाड्या, पुढच्या काचेवर चुन्यानं किंमत लिहिलेली. एजंट म्हणाला, "ताई, मालकास्नी घेऊन या की, मग बोलू." म्हटलं, "मालक दुकानात हायत. गाडी मी चालवणार हाय, आन बोलणार पण मीच." मग जरा नीट बोलायला लागला.

एक राखाडी गाडी मला पसंत पडली. रंग उडालेला, मागच्या सीटचं रेक्झिन फाटलेलं, दार जोरात ओढल्याशिवाय लागत नव्हतं. पण ऑफिसजवळच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला मी सोबत नेलं होतं. त्यानं ती गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली, खाली उतरून बघितली, आणि वर येऊन हात पुसत म्हणाला, "म्हातारी हाय, पण पोटात रोग न्हाई. घ्या." मला हायसं वाटलं. रविवारी ह्यांना घेऊन येते म्हणून सांगून मी आले.

तोच रविवार आडवा आला. आमच्या नणंदेचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, नणंदेला घेऊन जेवायला आले. त्यांचा चंदगडला काजूचा व्यापार. माणूस तसा वाईट म्हणावा असा नव्हता, मोठ्या आवाजाचा, दिलदार दिसणारा. पण जावई. आमच्याकडं जावई म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. तो आला की आबा स्वतः उठून पाट मांडायचे. त्याच्या ताटात पहिली वाटी. त्यानं कोमट पाण्याला थंड म्हटलं तर थंड. आणि हे सगळं कशासाठी? आपली पोरगी त्याच्या घरात नांदते म्हणून. इथं त्याचं काही कमी पडलं तर तिकडं तिच्या ताटात ते वाढलं जाणार, हे सगळ्यांना ठाऊक आणि कुणीच बोलत नाही.

जेवता जेवता दाजी म्हणाले, "गाडी बघाय लागलायसा म्हणं? आन माझ्या दारात उभी हाय ती काय मी लोणचं घालू? मी आता जीप घेतली. न्या की. घरचीच हाय."

आबांच्या तोंडावर असा काही उजेड पडला की काय सांगू! जावयानं आपणहून विचारलं!

किंमत कुणी विचारली नाही. दाजी म्हणाले, तुम्हाला वाटेल ते द्या, आणि त्यावर आणखी काही बोलणं बरं दिसलं नसतं. मी भाकरी वाढत होते. मला ती पांढरी गाडी माहीत होती. चंदगडच्या पावसात उघड्यावर वर्षानुवर्षं उभी राहिलेली. तिथला पाऊस चार-चार महिने उसंत घेत नाही, खिळ्याला खिळा ओळखू येत नाही असा गंज चढतो. मी म्हणाले, "बघूया की. आमच्या ऑफिसजवळ एक मिस्त्री हाय, त्याला एकदा खालनं बघू दे."

वन्सं, म्हणजे माझी नणंद, ताकाचा तांब्या घेऊन उभी होती ती तशीच थांबली. दाजी हसले, पण डोळ्यांनी हसले नाहीत. "वैनीसायबांचा इस्वास न्हाई आमच्यावर," म्हणाले.

ते गेल्यावर आबांनी मला बोलावलं. "पोरगी दिली तवा सुदीक मी त्याचं दात मोजलं न्हाईत. आन आता त्याच्या गाडीचं नट मोजू? जावयाच्या गाडीला मिस्त्री दाखवायचा? गावात तोंड दाखवू नको का मी?"

"आबा, त्या गाडीत तुमची नात बसणार हाय," मी म्हणाले.

"मग काय तो तिला मारायला गाडी देतोय?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे भिंतीकडं बघत होते. आमचे हे म्हणजे गरीब गाय, घरात आवाज चढला की ह्यांचं दुकान आठवतं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन उभी राहिले. गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, "राखाडी गाडी घेऊया." हे बराच वेळ वजनाच्या काट्यावरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "सकाळी अक्काचा फोन आला होता. काही बोलली नाही, नुसती रडत होती." माझा राग तिथंच निम्मा गळाला. वन्संचं सासर मला माहीत होतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी माहेरचा लाडू कमी गोड निघाला म्हणून तिला ऐकून घ्यावं लागायचं. मी राखाडी गाडी घेतली असती तर त्या गाडीचा प्रत्येक मैल तिच्या अंगावरनं गेला असता.

घरच्या एका लेकीला नांदवायचं म्हणून दुसऱ्या लेकीला त्या गाडीत बसवलं. असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. तेव्हा आम्ही माणुसकी राखत होतो.

दसऱ्याला गाडी आली. धुऊन पुसून चकचकीत, आत पायाखाली नवं कोरं रबरी मॅटिंग. दाजींनी स्वतः चालवत आणली. आबांनी त्यांना फेटा बांधला, वन्संना साडी दिली, गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. विकणाऱ्यालाच आहेर! मी नारळ फोडला तो नासका निघाला. आबा म्हणाले, शुभ असतंय. पोरगी मागच्या सीटवर उशा लावून आडवी झालेली. तिला आता फार वेळ ताठ बसवत नव्हतं. ती राणीसारखा हात हलवत म्हणाली, "चला, डायव्हर!"

तिनं एकदाच विचारलं होतं, त्याच दिवशी, सगळ्यांच्या देखत, "आई, ह्यात कसला वास येतोय गं?" आबा लगेच म्हणाले, "ए बया, आत्याच्या घरच्या गाडीला नावं ठिवायची न्हाईत." सगळे हसले. दाजी सगळ्यांत मोठ्यानं.

जुन्या गाडीला वास असतोच, असं मीही धरून चालले. सुरुवातीचे दिवस सोन्यासारखे गेले, खोटं कशाला बोलू. तिला अंथरुणावरनं उचलायची ती थेट सीटवर, सीटवरनं थेट वर्गाच्या दारात. कुणापुढं हात पसरायला नको. वाटेत ती मागं पडून पाढे म्हणायची, मला इतिहासातल्या लढाया विचारायची, मी चुकले की म्हणायची, "बसा खाली, उद्या पालकांना घेऊन या."

दिवाळीनंतर थंडी पडली. तिला सर्दी होऊन चालणार नव्हतं, तिच्या छातीत खोकून कफ काढायचं बळ राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, वारं लागू देऊ नका. म्हणून मागच्या दोन्ही काचा आम्ही वर केल्या, फटीत फडकी कोंबली. माझी काच खाली असायची, हात दाखवायला लागायचा म्हणून. मला शाहूपुरीत पोचेपर्यंत डोकं जरा जड व्हायचं, चहा घेतला की उतरायचं. थंडीचं म्हणा, ड्रायव्हिंगचं म्हणा.

ती मात्र मिटत चालली. पाढे बंद झाले. शाळा येईपर्यंत झोप लागलेली असायची, हलवून उठवायला लागायचं. मग उलट्या सुरू झाल्या. शाळेच्या दारात उतरवलं की पहिल्यांदा उलटी, मग वर्ग. बाई सांगायच्या, पहिले दोन तास ती बाकावर डोकं ठेवून असते, हजेरीला आवाज निघत नाही. संध्याकाळी घरी आली की पुन्हा तेच. मी विचारायची, "बाय माझी, काय होतंय?" तर म्हणायची, "काय न्हाई गं. झोप येती."

संक्रांत झाल्यावर तिला डॉक्टरांकडं नेली. त्यांनी तपासलं, प्रश्न विचारले, आणि हळू आवाजात मला म्हणाले की हा आजार आता श्वासाच्या स्नायूंकडं सरकतोय. डोकं दुखणं, गुंगी, ओकाऱ्या, सगळं त्यातलंच. आता प्रवास बंद करा, आराम द्या. त्यांचं तरी काय चुकलं? असला आजार असा वाढतोच. गाडीबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि सांगण्यासारखं आमच्याकडं काही नव्हतं. मी शाळेत गेले आणि तिचा दाखला काढून आणला. बाई माझा हात धरून उभ्या राहिल्या. मला त्यांच्या मायेचाही राग आला त्या दिवशी.

घरी ठेवली आणि काय नवल! पंधरवड्यात तिच्या उलट्या थांबल्या. डोकं दुखायचं राहिलं. आबांच्या चष्म्याला पुन्हा नावं ठेवायला लागली. सगळे म्हणाले, बघा, आरामानं फरक पडला. डॉक्टर म्हणाले, बघा. मीही म्हणाले. देवापुढं साखर ठेवली. गाडीतनं उतरली म्हणून बरी झाली, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आग लागो असल्या अकलेला.

मी एकटीच गाडीनं जात-येत राहिले. शिमग्याच्या सुमारास गाडी फार आवाज करायला लागली, ट्रॅक्टर येतोय की काय असं वाटावं. ह्यांना सोबत घेऊन मुरगूडच्याच एका गॅरेजमध्ये नेली. ह्यांना म्हटलं, आता जावई बघायला येत नाही, मिस्त्रीला हात लावू द्या. त्यानं खालनं बघितलं, मग वर येऊन मागची सीट काढली आणि ते रबरी मॅटिंग उचललं.

खाली पत्रा नव्हता. म्हणजे कडेकडेनं होता, गंजून पापडासारखा, बोट लावलं की तुटत होता. मधे भोक, आणि भोकावर दुसऱ्याच एका पत्र्याचा तुकडा ठोकून बसवलेला. तोही एका बाजूनं सुटलेला. त्याच्या बरोबर खाली सायलेन्सरचा पाइप फुटला होता. मिस्त्री म्हणाला, "धूर समदा आतच मारतोय की हो. मागं कोण बसत हुतं?"

ह्यांनी तिथंच खाली बसून घेतलं.

मी तो तुकडा हातात घेतला. पुसला. काजूगर भरून पाठवतात त्या चौकोनी डब्याचा पत्रा होता तो. रंगवलेली काजूची फांदी अजून दिसत होती.

भोक बुजवून, पाइप बदलून गाडी हातात आली तशी मी चंदगडला गेले. हे म्हणाले, "मी येतो." म्हटलं, "नको. तुम्ही दुकान बघा." चारही काचा खाली करून गेले. शेजारच्या सीटवर तो पत्रा. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं मनात जुळवलं होतं, दाजींच्या सात पिढ्या काढणार होते.

दाजी शेडमध्ये काजू वाळत घातलेले बघत होते. मी पत्रा त्यांच्यापुढं धरला. "हा तुमचा न्हवं?"

त्यांनी हातात घेतला, उलटा-सुलटा केला. "व्हय की. मीच ठोकून घेतलता. थोडा धूर यायचा आत. म्हणून आमी काचा उघड्या ठिवायचो." वन्सं दारात येऊन उभी राहिली होती, तिच्याकडं मान करून म्हणाले, "हिला ठावं हाय की."

इतक्या साध्या आवाजात म्हणाले! लपवल्याचा लवलेश नाही. मी म्हणाले, "मग सांगितलासा का न्हाई?"

"तुमी इचारलंसा कुठं? इचारलं असतंसा तर सांगितलं असतं."

आणि हे खरं होतं. विचारायचं नसतं म्हणून आम्ही विचारलं नव्हतं, आणि विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांच्या पदरी पाप बांधायला गेले होते, ते बांधायला गाठच सापडेना. तरी मी बोलले. तोंडाला आलं ते सगळं बोलले, काजू वेचणाऱ्या बायका माना खाली घालून ऐकत होत्या. दाजींनी मान वर केली नाही. पोरीला काय झालं होतं ते ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला, ते शेडच्या कडेला जाऊन पोत्यावर बसले. मला त्याचंही समाधान मिळालं नाही.

निघताना वन्सं गाडीपर्यंत आली. पदर तोंडात धरलेला. म्हणाली, "वैनी, त्या दिशी तुमी मिस्त्री म्हणालासा, तवा माझ्या जिभंवर आलतं. पण ह्यांनी माझ्याकडं बघितलं." तिला बोलून काय मिळणार होतं? तिनं परत जाऊन त्याच घरात भाकरी थापायची होती.

पुढचं आधी सांगून टाकते. मी शाळेत गेले. बाई म्हणाल्या, वर्षाची परीक्षा आता आली, नाव काढलेलं आहे, जूनला या, मी जागा ठेवते. पण शाळेत बाकावर बसत होती तोवर तिची पाठ तग धरून होती. घरात अंथरुणावर पडून राहिली आणि पाठीचा कणा एका कुशीला वाकला. जूनपर्यंत तिला उशा लावूनही बसवेना. पुढच्या थंडीत छातीत कफ झाला आणि ती गेली. तो आजार तिला नेणारच होता, हे मला कळतं. धुरानं मारली असं मी म्हणत नाही. पण तिचा शाळेतला शेवटचा हिवाळा, बाकावर बसून "हजर!" म्हणायचे ते दिवस, ते कुणी नेले ते मला ठाऊक आहे. आबांनी नंतर कधी दाजींसाठी पाट मांडला नाही, आणि माझ्याशी त्या विषयावर एक शब्द काढला नाही.

चंदगडहून मी घरी आले त्या संध्याकाळची ही गोष्ट. पोरगी खिडकीशी खाटेवर पडलेली. तिला सगळं कळलेलं होतं, आबांनी रडत रडत सांगितलं होतं. मी तिच्याजवळ बसले. तिचे केस मागं सारले आणि विचारलं, "तुला वास येत न्हवता गं?"

"यायचा की," ती म्हणाली. "रोज यायचा. वास आला की डोकं दुखायचं, मग झोप यायची. मला ठावं हुतं गाडीनंच हुतंय ते. रविवारी न्हाई व्हायचं."

एवढ्या शहाण्या माणसांना जे कळलं नाही ते तिला रविवारवरनं कळलं होतं.

"मग बोलली का न्हाईस मला?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच लहान आहे. "बोलले असते तर तुमी गाडी परत दिली असतीसा. मग मला शाळंला कोण नेणार? तुझी पाठ तर दुखती."

दारात गाडी उभी होती. पोरगी मान जरा उचलायचा प्रयत्न करत म्हणाली, "आता भोक बुजवलंस न्हवं? वास न्हाई न्हवं येत? मग सोमवारपासनं जायचं?"

दाखला माझ्या कपाटात होता. मी म्हणाले, "जायचं की."

"मग दप्तर दे इकडं. काय काय भरलंय बघू दे."

दप्तर मी दाखला काढला त्याच आठवड्यात शेजारच्या पोरीला देऊन टाकलं होतं.